हिवतापाचे पंचांग



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'डास' असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. डासांवर बोलायला डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. मी यांपैकी कोणीच नव्हे. माझी शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व कामगारांच्या खोल्यांत झाले. तरीही हा विषय मी निवडला. त्याचे कारण शेवटी सांगेन. आरंभी इतकेच सांगतो की, या विषयाशी माझी ओळख एका शब्दामुळे झाली.

कारखान्यात आम्ही काम मोजतो ते माणशी-तासांत. एका माणसाने एका तासात किती नग काढले यावरून वाटाघाटी होतात, भांडणे होतात, प्रसंगी टाळेबंदीही होते. हिवतापाचे अभ्यासक डास मोजतात तेही माणशी-तासांतच! कीटक गोळा करणारा माणूस पहाटे हातात विजेरी आणि काचेची नळी घेऊन गोठ्यांत व झोपड्यांत शिरतो, भिंतीवर विसावलेले डास एकेक करून नळीत ओढून घेतो आणि एका तासात किती सापडले ते वहीत टिपून ठेवतो. त्याच गावात, त्याच घरांत, असे महिनोन् महिने केले म्हणजे डासांच्या संख्येचा चढउतार कागदावर उमटतो. कोणता डास कोणत्या महिन्यात वाढतो आणि केव्हा ओसरतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते अशा पहाटे उठणाऱ्या माणसांच्या तासांमुळे. हे वाचले आणि मला वाटले, हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

या वह्यांतून जे निघाले त्याला मी हिवतापाचे पंचांग म्हणतो. पंचांगात सण लिहिलेला असला म्हणून तो प्रत्येक घरी सारखा साजरा होत नाही. कोणाकडे पुरणपोळी असते, कोणाकडे चूलही पेटत नाही. हिवतापाचेही तसेच आहे. डास कोणत्या महिन्यात वाढेल हे पाऊस आणि ऊन ठरवतात. त्या महिन्यात त्याच्यापुढे कोण उघड्यावर झोपलेला असेल, हे मात्र कामाचा हंगाम ठरवतो. आजच्या व्याख्यानात मला एवढे एकच सांगावयाचे आहे आणि ते आपल्या या पनवेलच्या आसपासच्या इतिहासातून सांगावयाचे आहे.

प्रथम थोडे शास्त्र. डासामुळे हिवताप होतो ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही माहीत असते. पण १८९७पूर्वी ती कोणालाच निश्चित ठाऊक नव्हती. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस सर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जंतू दिसला आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याचे रक्त त्या डासांनी प्यायले होते तो हुसेन खान नावाचा एक रुग्ण होता. रॉस यांनी त्याला दर डासामागे एक आणा दिला. जगातल्या एका मोठ्या शोधाची मजुरी दर चाव्याला एक आणा पडली, हे आम्हा मजुरीचे हिशेब करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रॉस यांचा महिना ऑगस्ट होता, हा केवळ योगायोग मानू नका. जंतू डासाच्या पोटात गेल्यावर लगेच दुसऱ्याला देता येत नाही. त्याला डासाच्या शरीरात वाढायला, हवा उबदार असेल तर, दहाबारा दिवस लागतात. थंडी पडली तर ही वाढ रेंगाळते आणि फार थंडीत थांबते. म्हणून डास नुसता असून भागत नाही, तो पुरेसा जगलाही पाहिजे. वैशाखातल्या कोरड्या हवेत त्याचे आयुष्य फार थोडे. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो दोनतीन आठवडे काढू शकतो. स्वतः रॉस यांनी पुढे यावर गणित मांडले आणि १९५०च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी ते आणखी पुढे नेले. त्याचे तात्पर्य असे की, रोग पसरण्याच्या कामी डासांच्या संख्येपेक्षाही त्यांचे आयुष्य अधिक महत्त्वाचे असते.

आता आपल्या भागातले डास पाहू. गटारावर जो डास घोंघावतो आणि ज्याला आपण सारा दोष देतो तो क्युलेक्स. तो हत्तीरोग पसरवतो, हिवताप नाही. हिवतापाचे डास अ‍ॅनॉफिलीस वर्गाचे. त्यांतही पुष्कळ जाती आहेत आणि प्रत्येकीचे पाणी वेगळे, महिने वेगळे. त्यांची लॅटिन नावे एकदा सांगतो आणि मग आपल्या सोयीची नावे वापरतो.

पहिला सबपिक्टस, याला डबक्याचा डास म्हणू. मृगाचा पाऊस पडून जागोजाग गढूळ डबकी साचली की हा अमाप वाढतो. पावसाळ्यात गोठ्यात मोजणी केली तर बहुधा याचीच संख्या सर्वांत मोठी भरते. पण याला गुरांचे रक्त आवडते आणि आपल्या भागात हिवताप पसरवण्यात याचा हात फारसा नाही. म्हणजे सर्वांत मोठा मोर्चा याचा आणि सर्वांत कमी उपद्रवही याचाच! दुसरा क्युलिसिफेसीज, तो शेताचा डास. पावसाच्या स्वच्छ पाण्याची डबकी, कालवे, नुकतीच पाणी भरलेली भातखाचरे, नदीच्या पात्रात मागे राहिलेले खळगे ही त्याची ठिकाणे. भाताचे रोप उंच वाढून पाण्यावर दाट सावली पडली की तो तिथून निघतो. देशाच्या ग्रामीण भागातला बराचसा हिवताप याच्यामुळे होतो. तिसरा फ्लूविएटिलिस, ओढ्याचा डास. डोंगराच्या पायथ्याचे संथ वाहते निर्मळ पाणी आणि त्याच्या काठचे गवत त्याला लागते. आषाढ-श्रावणात ओढे तुफान वाहतात तेव्हा त्याची अंडी-अळ्या धुऊन जातात. हस्ताचा पाऊस सरला, पाणी निवळले, की तो वाढू लागतो आणि त्याचा भर दसरा-दिवाळीपासून थंडीपर्यंत असतो. चौथा स्टीफेन्साय, विहिरीचा डास. विहीर, हौद, टाकी, पिंप असे माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी हा त्याचा संसार. पावसाळ्यात याचीही वाढ होते. पण टाकीत पाणी बारमाही असल्यामुळे तो वर्षभर तग धरतो.

या चौघांकडे पाहिले म्हणजे पंचांगाचा अर्थ लागतो. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या कोकणपट्टीत भर पावसाचा महिना हाच प्रत्येक डासाचा महिना नसतो. एकाला पाऊस वाढवतो, दुसऱ्याला तोच पाऊस वाहून नेतो. अलीकडे तर असे आढळले आहे की, शेताचा डास म्हणून आपण ज्याला एक समजतो त्यातही बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पाच उपजाती आहेत, आणि त्यांपैकी एखादी मुख्यतः गुरांवर जगणारी, रोग पसरवण्यात दुबळी अशी निघते. तेव्हा नुसती डोकी मोजून निवडणूक जिंकता येईल, हिवताप समजत नाही.

आता इतिहासाकडे वळू. पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या रस्त्यावरचे आपले गाव. १८३० साली भोर घाटातून गाड्यांचा रस्ता झाला. त्या काळी मुंबईचा प्रवासी पडावात बसून खाडीने पनवेल बंदरात उतरे आणि इथून बैलगाडीने खोपोलीकडे व घाटाकडे निघे. पुढे त्याच घाटातून आगगाडी नेण्याचे ठरले. १८५६च्या जानेवारीत भोर घाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढून गेली. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, सारे काम हातांचे. १८६१च्या जानेवारीत तिथे एकाच वेळी ४२,००० माणसे खपत होती.

'जानेवारी' हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. घाटात पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे. मजूर गावी जात, आपली शेते पाहत. पिके निघाली की ते परत येत आणि उन्हाळा संपेपर्यंत डोंगरात राहत. म्हणजे कामाचा हंगाम उघडे तो नेमका ओढे निवळण्याच्या वेळी. देशावरून आलेला माणूस, ज्याच्या अंगात या डोंगरी तापाची सवय नाही, तो ओढ्याकाठी पाल्याच्या खोपीत झोपे, कारण पाणी तिथेच होते. ओढ्याच्या डासाचे पंचांग आणि कंत्राटदाराचे पंचांग एकच होते! पटकीने आणि तापाने तिथे हजारो माणसे मेली. पटकीची साथ मोठी म्हणून तिचा उल्लेख अधिक होतो. ताप मात्र दर वर्षी येऊन आपला वाटा घेऊन जाई. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने इंजिनिअरांना हाताशी धरून पुढचे काम तडीस नेले. तिची हिंमत मोठी, हे मान्य केले पाहिजे. पण ट्रेडवेलचे नाव इतिहासाला ठाऊक आहे, आणि त्याच डोंगरात पडलेल्या मजुरांच्या नावांची यादी कोणी केली नाही.

तिथून खाडी ओलांडून मुंबईस चला. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे नळाचे पाणी आले, पुढे तुळशीचे आणि १८९२ साली तानसाचे आले. तरी घरोघरच्या विहिरी तशाच राहिल्या. काहींना त्या पाण्याची सोय वाटे, अनेकांना त्या पूज्य होत्या. १९०८च्या सुमारास डॉ. ग्लेन लिस्टन यांनी दाखवून दिले की, मुंबईच्या हिवतापाचा वाहक विहिरीचा डास आहे. त्यानंतर डॉ. चार्ल्स बेंटले यांनी शहर पायी पालथे घातले आणि १९११ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. विहिरी बुजवा, निदान बंद करा, हा त्यांचा सल्ला. त्यावरून मोठा वाद माजला. हिंदू, पारशी, जैन यांच्या धर्मभावना दुखावल्या. विहिरीवर सूर्याचा प्रकाश पडला पाहिजे, हा एक आक्षेप. मग झाकणाला बारीक जाळीची खिडकी ठेवावी अशी तडजोड निघाली. त्या तडजोडीला मी हसत नाही. लोकांना बरोबर घेऊन चालायचे तर जाळीची खिडकी ठेवावीच लागते.

बेंटले यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. मुंबईत तापाचा जोर गोदीच्या आणि कोटाच्या भागात फार होता आणि समुद्र हटवणे, गोद्या बांधणे अशी मोठी कामे जेव्हा जेव्हा निघाली तेव्हा तेव्हा शहरात तापाची लाट आली होती. अहवाल निघाला त्या वेळीही अलेक्झांड्रा गोदीचे बांधकाम चालूच होते. ती १९१४ साली खुली झाली. कामावर बाहेरगावचे मजूर हजारोंनी येत. कोणी अंगात जंतू घेऊन येई, कोणी कोरा येई. दोघे एका छपराखाली झोपत आणि शेजारी पाण्याचा हौद असे.

बेंटले यांना हे दिसले ते उगाच नव्हे. त्यांनी सॅम्युअल ख्रिस्तोफर्स यांच्याबरोबर उत्तर बंगालच्या दुआर भागातील चहाच्या मळ्यांत हिवतापाचा शोध घेतला होता आणि १९०९ साली मुंबईच्याच वैद्यक परिषदेत त्या दोघांनी आपला निबंध मांडला होता. त्याचा विषय होता 'मानवी घटक'. ते म्हणाले, जंतू आणि डास यांवर सारे अवलंबून नसते. जिथे दूरदूरची गरीब, उपाशी, कर्जात रुतलेली माणसे कामासाठी एकत्र कोंबली जातात तिथे हिवताप विक्राळ रूप धरतो. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांनी हे लिहावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. याच ख्रिस्तोफर्स यांनी १९०८च्या पंजाबातील साथीचा अभ्यास केला. त्या शरद ऋतूत, ऑक्टोबर व नोव्हेंबर या दोन महिन्यांत, पंजाबात सुमारे तीन लाख माणसे तापाने गेली. त्यांनी पावसाचे आकडे तपासले आणि त्यांच्या जोडीला धान्याचे भावही तपासले. ज्या वर्षी पाऊस फार आणि आधीची महागाई भयंकर, त्या वर्षी ताप मारक ठरतो, असे त्यांना दिसले. पाऊस डास वाढवतो. भाकरी महाग झाली की तोच ताप प्राण घेतो.

पुढे १९२८ साली गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाचा पुन्हा अहवाल दिला. वाहक तोच विहिरीचा डास. वीस वर्षे झाली तरी विहिरी, हौद, टाक्या यांचा प्रश्न उभाच होता. आता १९२८ हे साल आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना वेगळ्याच कारणाने पाठ असते. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला. दोन्ही घटना एका वर्षातल्या, एका शहरातल्या. आम्ही संपाचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या सांगितला आणि तो सांगायलाच हवा. पण त्याच वर्षी त्याच शहराच्या तापावर निघालेल्या कागदाकडे आमच्यापैकी किती जणांनी पाहिले? मी तरी पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत पाहिले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि चित्र पालटले. इथे एका भारतीयाचे नाव आदराने घेतले पाहिजे, ते डॉ. डी. के. विश्वनाथन यांचे. त्या वेळच्या मुंबई प्रांतात कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत त्यांनी १९४६पासून घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू केली. कारवारचा डोंगराळ भाग ओढ्याच्या डासाने पोखरलेला होता. तापाने तिथली गावे ओस पडली होती. भिंतीवर विष असले म्हणजे रक्त पिऊन विसावलेला डास मरतो. त्याचे आयुष्य दहाबारा दिवसांच्या आत तुटते आणि त्याच्या पोटातला जंतू पिकण्याआधी संपतो. म्हणजे मघाशी सांगितलेले आयुष्याचे गणित इथे कामी आले. फवारणी केव्हा करायची हेही पंचांगावरून ठरे. त्या भागाचा डास वाढू लागण्याच्या आधी भिंती तयार हव्यात. चार आठवडे उशीर झाला तर भिंत पांढरी होते आणि ताप तसाच राहतो.

या यशावरून देशाचा कार्यक्रम उभा राहिला. १९४७ साली देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६५ साली रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास उतरली. हे यश लहानसहान नव्हे. खांद्यावर पंप घेऊन वाडी-वाडी, पाडा-पाडा फिरणाऱ्या हंगामी फवारणी कामगारांनी ते मिळवले. हंगाम संपला की त्यांची नोकरीही संपे. हिवताप मागे हटला त्याचे श्रेय औषधाला मिळाले, पुस्तकात योजनेचे नाव राहिले; फवारणी करणारा पुढच्या हंगामाची वाट पाहत घरी बसला.

आणि मग ढिलाई आली. शेताचा डास डीडीटीला दाद देईनासा झाला. १९५९च्या सुमारास, त्या वेळी मुंबई राज्यात असलेल्या पंचमहाल जिल्ह्यात, हे प्रथम दिसू लागले होते. औषधे वेळेवर पोचेनात. शहरातला विहिरीचा डास तर या कार्यक्रमातून बराचसा सुटलाच होता. त्याच्यासाठी नागरी योजना निघाली ती १९७१ साली. १९७६ साली देशातील रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. पुढे पुन्हा उतार आला. २०१५ साली ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले, २०२३ साली ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. ही घट आनंदाची आहे. पण १९६५चा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने आकडा उतरला म्हणून पंप ठेवून देऊ नये.

आता पुन्हा पनवेलला येतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि भातखाचरांवर, मिठागरांवर, खाजणांवर नवे शहर उभे राहू लागले. द्रुतगती मार्ग झाला, इमारती झाल्या, टेकड्या फोडून, उलवे नदीचे पाणी वळवून विमानतळाची जमीन तयार झाली आणि २०२५ साली त्याचे उद्घाटनही झाले. या साऱ्यात एक गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडली. शेताच्या डासाची खाचरे कमी झाली आणि विहिरीच्या डासाच्या टाक्या वाढल्या. बांधकामावर स्लॅब ओतला की तो भिजत ठेवण्यासाठी कडेने सिमेंटच्या बारीक वरंब्या घालून वर दिवसेंदिवस पाणी साठवतात. तळघरात पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे पिंपांत पाणी. उबदार दिवसांत या डासाचे अंड्यापासून पंखापर्यंत आठदहा दिवसांत भागते. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत असे सांगतात. पनवेलकर ताप आला की वडाळे तळ्याकडे बोट दाखवतात. मासे असलेल्या, वारा लागणाऱ्या उघड्या तळ्यापेक्षा आपल्या गच्चीवरची बिनझाकणाची टाकी अधिक घातक, हे आधी पाहावे.

या डासाने पंचांगाचे पानच फाडले आहे. ओढ्याच्या डासाला थंडीची वाट पाहावी लागे, शेताच्या डासाला पावसाची. टाकीच्या डासाला बांधकाम पुरते. २०१२ साली हा आपल्याकडचा डास समुद्र ओलांडून आफ्रिकेत जिबूतीत सापडला, नंतर इथिओपियात सापडला, आणि २०२२ साली इथिओपियातील दिरे दावा शहरात त्याने ऐन कोरड्या ऋतूत हिवतापाची साथ आणली. जिथे पावसाळ्यानंतरच ताप येतो असे लोक समजत, तिथे उन्हाळ्यात माणसे थंडीने कुडकुडू लागली!

दुसरीकडे आमच्या तालुक्यातले कातकरी आजही जुन्याच पंचांगावर चालतात. पावसाळ्यात हाताला काम थोडे, म्हणून मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर टाकून वीटभट्टीवर जायचे, ते पावसापर्यंत. भट्टी पाण्याजवळ, माती काढलेले खड्डे शेजारी, झोपडी त्या खड्ड्यांच्या काठी. भोर घाटाच्या मजुराचा आणि यांचा महिना एकच, खोपही तशीच.

आरंभी म्हणालो होतो की विषय का निवडला ते शेवटी सांगेन. २०१० साली मुंबईत हिवतापाची मोठी साथ होती. त्या एका वर्षात पाऊण लाखाहून अधिक रुग्ण झाले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इथल्या एका मोठ्या बांधकामावर मजुरांच्या वतीने मी बोलणी करीत होतो. आमच्या मागण्यांच्या कागदावर मजुरीची वाढ होती, जादा कामाचा दर होता, आणि शेवटी टाक्यांना झाकणे व झोपायला मच्छरदाण्या ही मागणी होती. ती एका म्हाताऱ्या मुकादमाने आग्रहाने लिहायला लावली होती. रात्री उशिरा कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, मजुरीचे देतो, शेवटचे किरकोळ सोडा. मी सोडले. मला तो विजय वाटला, मिठाई वाटली गेली. श्रावणात त्या पत्र्याच्या खोल्यांत ताप शिरला. कामावर न येणाऱ्याचा रोज कापला जात होता, म्हणून माणसे गोळी खाऊन कामावर चढत. एक विशीतला मुलगा तापात तसाच गाडीत बसवून गावी पाठवला गेला आणि वाटेतच गेला. त्याची नोंद या तालुक्यात झाली नाही. त्याच्या गावी झाली की नाही, कोण जाणे. मुकादम मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्या दिवसांनंतर मी डासांवर वाचू लागलो. वाचले तेव्हा कळले की, मी जे 'किरकोळ' म्हणून सोडले होते त्याच्यासाठी बेंटले यांनी विहीर अन् विहीर पाहिली होती. १९९६च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात मजुरांच्या राहण्याची आणि पिण्याच्या पाण्याची तरतूद लिहिली गेली. पण कायद्यातले पाणी झाकलेले आहे की उघडे, हे पाहणारा माणूस लागतो.

आणखी एक बारकावा सांगतो. आपल्याकडे व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप पुष्कळ. त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी, डास नसतानाही, पुन्हा उठतात. ते मारण्यासाठी चौदा दिवसांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. रोजंदारीचा माणूस तिसऱ्या दिवशी ताप उतरला की कामावर जातो आणि दहा दिवसांत काम संपून दुसऱ्या गावी निघतो. त्याच्या चौदा गोळ्या कोण मोजणार? असा माणूस पुढच्या हंगामाचा ताप आपल्या अंगात साठवून नेतो.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. प्रत्येक बांधकामावर आणि प्रत्येक भट्टीवर, जिथे हजेरीचा कागद लागतो तिथेच, हिवतापाचे पंचांगही लागावे. कोणत्या महिन्यात कोणते पाणी पाहायचे, आठवड्याचा कोरडा दिवस कोणता, तापाच्या माणसाचे रक्त कोठे तपासायचे, एवढे त्यावर असावे. तपासणीच्या दिवशी रोज कापू नये. चौदा दिवसांच्या गोळ्यांची टाचण मुकादमाकडे असावी आणि माणूस दुसऱ्या कामावर गेला तर ती त्याच्याबरोबर जावी. आणि संघटनांनी, त्यात माझीही आली, टाकीचे झाकण ही मजुरीइतकीच पक्की मागणी समजावी. मेमध्ये मागितलेले झाकण मेमध्येच बसले पाहिजे. श्रावणात बसवलेल्या झाकणाखाली डास आधीच जन्मलेले असतात.

सध्या वसंत आहे. खाचरे कोरडी आहेत, ओढे आटले आहेत. पंचांगात हा निवांत महिना. मृग लागायला अजून अवधी आहे. घरी गेल्यावर गच्चीवर चढून आपली टाकी पाहा, आणि शेजारी इमारत उभी राहत असेल तर तिथल्या पत्र्याच्या खोल्यांपुढची पिंपेही पाहा. त्या खोल्यांत झोपणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला. एवढे केलेत तर माझा आजचा तास वाया गेला नाही असे मी समजेन.